नाशिक: पेशी व रेण्वीय उत्क्रांती शिकवणारा सहायक प्राध्यापक नेमायचा आहे, जाहिरात कशी काढावी?

गोदाकाठ

नाशिकमधल्या एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची आहे. विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे. विभागात उत्क्रांती म्हणजे अजून जिराफाची मान आणि पतंगाचे काळे-पांढरे पंख. पेशीची अंतर्गत रचना कशी घडली, जनुकांच्या प्रती वाढून नवी कामं कशी आली, यीस्टवर किंवा जिवाणूंवर प्रयोगशाळेत उत्क्रांती कशी बघतात, यातलं काही शिकवणारं कोणी नाही. त्यामुळे याच विषयातली व्यक्ती घ्यावी असं ठरलंय.

जाहिरातीचा कच्चा मसुदा: "आवश्यक अर्हता: एम.एस्सी. (उत्क्रांती जीवशास्त्र / पेशी जीवशास्त्र), पीएच.डी., किमान तीन वर्षे पोस्टडॉक. उच्च दर्जाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतील शोधनिबंध किंवा तत्सम."

यात काय अडकेल? आणि मुलाखतीत अशा उमेदवाराची पारख कशी करायची? जाणकारांनी लिहावं.

बिंदू_शंभर

मसुदा जसाच्या तसा गेला तर दोन ठिकाणी अडकेल. आधी विद्यापीठाकडे जाहिरात मंजुरीला, आणि तिथून निसटला तर नेमणुकीनंतर मान्यतेला. दुसरं जास्त वाईट. माणूस रुजू झालेला असतो, तास घेत असतो आणि पगार अडकलेला असतो.

मंजूर पद "प्राणिशास्त्र" या नावाचं आहे. ना हरकत, कार्यभार, बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रमतक्ता), सगळं त्याच नावावर चालतं. आवश्यक अर्हतेत तुम्ही यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीपेक्षा वेगळं काही घालू नका. संबंधित विषयात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (मागासवर्ग व दिव्यांगांना ५ टक्क्यांची सवलत) आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा), अथवा नियमांप्रमाणे सूट मिळवून देणारी पीएच.डी. मध्यंतरी विद्यापीठ विभागांसाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती. १ जुलै २०२३ पासून लागू होणारी ती अट आदल्या दिवशीच, ३० जून २०२३ च्या दुरुस्तीने काढली गेली. महाविद्यालयांना तर ती नव्हतीच. म्हणजे पीएच.डी. आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) "आवश्यक"मध्ये टाकता येत नाहीत. टाकलंत तर नेट झालेला एखादा उमेदवार तक्रार करेल आणि त्याचं बरोबरच असेल.

तुमची खरी गरज "प्राधान्य" या ओळीत लिहा. ती ओळ मोघम ठेवू नका.

आणि जाहिरातीच्या तारखेला राज्याचा कोणता शासन निर्णय लागू आहे, तो फाईलला लावा. यूजीसीचा जानेवारी २०२५ चा मसुदा वाचून कोणी नव्या अटी सुचवतील. मसुद्यावर जाहिरात निघत नाही.

पेट्रीडिश

बिंदूंनी "संबंधित विषय" म्हटलंय तिथे थांबा, कारण तुमचे निम्मे चांगले उमेदवार इथेच गळतात. या क्षेत्रातले लोक एम.एस्सी. प्राणिशास्त्र करून आलेले नसतात. कोणी जैवतंत्रज्ञान, कोणी सूक्ष्मजीवशास्त्र, कोणी जीवरसायन, कोणी आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेचं पाच वर्षांचं बीएस-एमएस. सीएसआयआर-नेटचा पेपर मात्र सगळ्यांना एकच, लाईफ सायन्सेस. सेटही तसंच. मग उमेदवार म्हणतो माझी नेट चालते, आणि विद्यापीठ म्हणतं पदवी विषयाला धरून नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यावर उपाय जाहिरातीआधी करायचा. एम.एस्सी.च्या कोणत्या शाखा प्राणिशास्त्राच्या पदासाठी ग्राह्य आहेत हे विद्यापीठाकडून लेखी मागवा आणि त्या शाखांची नावं जाहिरातीत छापा. तोंडी "चालेल हो" वर जाऊ नका, मान्यतेच्या टेबलावर दुसरी व्यक्ती बसलेली असते. विभागात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची जागा रिकामी असेल तर हेच काम त्या पदावर जास्त सुरळीत होईल, तेही तपासा.

तासिका_तत्त्व

बीएस-एमएसवाल्यांची आणखी एक गोची. छाननीच्या तक्त्यात पदवी आणि पदव्युत्तरचे रकाने वेगळे. एकत्रित अभ्यासक्रमवाल्याकडे एकच सीजीपीए असतो. तो पदवीचा रकाना कोरा सोडतो आणि लिपिक तिथे शून्य मांडतो. गुण कसे धरायचे हे छाननीआधी ठरवून इतिवृत्तात नोंदवा, आणि संस्थेकडून टक्केवारी रूपांतराचं पत्र अर्जासोबतच मागा. नंतर मागितलं तर "एकाला सवलत दिली" असा आक्षेप येतो.

बिंदू_शंभर

तक्त्याचा विषय निघालाच आहे तर, महाविद्यालयांसाठी २०१८ च्या नियमावलीतला तक्ता ३-ब लागतो, विद्यापीठ विभागांचा ३-अ नाही. लोक सर्रास गल्लत करतात. ३-ब मध्ये पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला २५, जेआरएफसह (संशोधन शिष्यवृत्तीसह) नेटला १० (नुसत्या नेटला ८, सेटला ५), शोधनिबंधांना ६, अध्यापन किंवा पोस्टडॉकला वर्षाला २ याप्रमाणे १० पर्यंत, पुरस्काराला ३.

नीट बघा. ४६ गुण जुन्या गुणपत्रिकांचे. शोधनिबंधाला प्रत्येकी २, म्हणजे तीन निबंधांत रकाना भरला. चार वर्षं खपून केलेला एक भक्कम निबंध २ गुणांचा आणि पैसे भरून आठवड्यात छापलेले तीन ६ गुणांचे. हा तक्ता तुम्हाला हवा तो माणूस वर आणणार नाही, उलट खाली ढकलू शकतो. त्याच नियमावलीत हे गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढ्यापुरतेच आहेत. त्यामुळे एका जागेला मोजके पाच बोलवू नका. यादी लांब ठेवा आणि किती बोलवणार तो आकडा छाननीआधी ठरवा.

पेट्रीडिश

+१. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्यापासून तर निबंध प्रत्यक्ष वाचण्याला पर्याय नाही. प्रत्येकाला त्याचा एकच निबंध निवडायला सांगा आणि त्यातली कोणती आकृती स्वतः केली ते विचारा. दहा लेखकांच्या निबंधात मधे कुठेतरी नाव असणं कमीपणाचं नाही, पण आपण काय केलं ते सांगता यायला हवं. कंट्रोल (तुलनेचा नमुना) कोणता होता, किती वेळा केलं, कधी फसलं. हे उत्तर पाठ करता येत नाही.

परदेशी_पाहुणा

तुलनेसाठी जर्मनीतली पद्धत सांगतो. तिथे २००२ पासून युनिओरप्रोफेसर हे पद आहे, डब्ल्यू-१ वेतनश्रेणीचं. साधारण सहा वर्षं, तीन अधिक तीन, मधे मूल्यमापन. टेन्युअर ट्रॅक असेल तर शेवटच्या मूल्यमापनानंतर डब्ल्यू-२ किंवा डब्ल्यू-३ वर कायम. "इव्होल्युशनरी सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी" असं थेट नाव देऊन जागा निघू शकते, कारण पद विषयाला बांधलेलं असतं, जुन्या विभागाच्या नावाला नाही. अर्जात संशोधनाचा आराखडा आणि अध्यापनाचा आराखडा अशी दोन वेगळी टिपणं मागतात. निवडीच्या दिवशी संशोधनावर व्याख्यान, बहुतेक ठिकाणी नमुना तास आणि मग समितीशी चर्चा.

ते सगळं इथे आणता येणार नाही. पण दोन टिपणं मागायला तुम्हाला कोण अडवतंय?

बिंदू_शंभर

कोणी नाही. फक्त जाहिरातीत लिहा, सगळ्यांकडून मागा, आणि न जोडल्यास अर्ज बाद असं लिहू नका. संशोधनाला दोन पानं, अध्यापनाला एक पान, मर्यादा ठरवून द्या.

गोदाकाठ

फार उपयोगी. निवड समितीत विषयतज्ज्ञ कुलगुरूंच्या पॅनेलवरून येणार. ते मत्स्यविज्ञान किंवा कीटकशास्त्राचे आले तर या विषयाची पारख कशी होणार?

बिंदू_शंभर

रचना अशी: संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी (त्यांतला एक विषयतज्ज्ञ), आणि कुलगुरूंनी सुचवलेल्या पाच नावांतून संस्थेने निवडलेले दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ. अर्जदारांत मागासवर्गीय, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग असतील आणि त्या वर्गातलं समितीत कोणी नसेल तर त्या वर्गातले एक शिक्षणतज्ज्ञ. गणपूर्ती पाचाची, त्यात तीनपैकी किमान दोन विषयतज्ज्ञ हजर हवेत. ऐन सकाळी एक तज्ज्ञ पुण्याहून निघालेच नाहीत म्हणून मुलाखती रद्द होतात, तेव्हा तिघांचाही होकार लेखी घ्या.

पॅनेल मागवतानाच्या पत्रात "पेशी व रेण्वीय जीवशास्त्र, उत्क्रांती या उपशाखेतील तज्ज्ञ द्यावेत" अशी विनंती करता येते. पुण्यात आयसर आहे, पेशीविज्ञानाचं एनसीसीएस आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, या विषयाच्या माणसांचा दुष्काळ नाही. नावं तुम्ही सुचवू नका, उपशाखा सुचवा.

सिन्नरकर_जीन

आता पारखीचं. नमुना तास १५ मिनिटांचा ठेवा, विषय आदल्या दिवशी द्या, पातळी द्वितीय वर्ष बी.एस्सी. "मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणू होता हे कशावरून" हा विषय उत्तम. दुहेरी आवरण, गोलाकार डीएनए, जिवाणूसारखे रायबोसोम, इतकं सगळेच सांगतात. कान द्यायचा तो दोन गोष्टींकडे. एक, "पेशीला ऊर्जा हवी होती म्हणून तिने जिवाणू गिळला" अशी वाक्यं येतात का. गरज होती म्हणून घडलं, ही विद्यार्थ्यांची मूळ चूक, ती शिकवणाऱ्याच्याच तोंडी असेल तर अवघड. दोन, मायटोकॉन्ड्रियाची बहुतेक प्रथिनं आज केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, हे सांगून तो पुढे जातो का. तिथेच खरी उत्क्रांती आहे.

पुढचा प्रश्न समितीतल्या कोणालाही विचारता येईल: यजमान पेशी कोण होती? २०१५ मध्ये लोकीआर्किया (केंद्रक नसलेल्या आर्किया सूक्ष्मजीवांतला एक गट) सापडले, त्यांच्या जीनोममध्ये अ‍ॅक्टिनसारखी आणि ईएससीआरटी प्रथिनांची, म्हणजे केंद्रकवाल्या पेशींची ओळख मानली जाणारी जनुकं मिळाली. २०२० मध्ये त्या कुळातल्या एकाचं, प्रोमेथिओआर्किअमचं, जपानी गटाने केलेलं संवर्धन प्रसिद्ध झालं, त्याला बारा वर्षं लागली होती. उमेदवाराला यातलं काहीच माहीत नसेल तर तो या विषयातला नाही. माहीत असेल पण "म्हणजे प्रश्न सुटला" म्हणत असेल तर तोही अर्धाच.

पेट्रीडिश

मी कागद-पेन्सिलीचा एक प्रश्न सुचवते. प्रोजेक्टरवाल्या मुलाखतीत सगळे चमकतात, आकडे समोर ठेवले की फरक कळतो.

दोन ओळी द्या. प्रतिजैविकाच्या प्लेटवर आलेल्या वसाहती, पाच-पाच प्लेट:

अ) १४, १९, ११, १६, १०
ब) १, ०, ३, ६६, ०

सरासरी दोन्हींची १४. विचारा: यातल्या एका ओळीतल्या पाच प्लेट एकाच फ्लास्कमधून आल्या आहेत आणि दुसऱ्या ओळीतल्या पाच वेगवेगळ्या नळ्यांमधून. कोणती कोणती, आणि त्यावरून उत्परिवर्तनाबद्दल काय कळतं?

"अ"चं प्रसरण (व्हेरियन्स, आकडे किती विखुरलेत त्याचं माप) १३.५, सरासरीच्या जवळ, म्हणजे एकाच फ्लास्कचे नमुने. "ब"चं ८४६.५. एका नळीत उत्परिवर्तन लवकर झालं आणि त्याची पिल्लावळ वाढली. प्रतिजैविकाने उत्परिवर्तन "घडवलं" असतं तर वेगळ्या नळ्यांतही आकडे "अ"सारखेच आले असते. हा लुरिया-डेलब्रुकचा १९४३ चा युक्तिवाद. पाच मिनिटं द्या. नाव आठवलं नाही तरी चालेल, युक्तिवाद जमला पाहिजे. जो लगेच "६६ ही चूक आहे, ती प्लेट वगळू" म्हणतो, त्याच्या हाती प्रात्यक्षिकाची वही द्यायची का हे तुम्ही ठरवा.

सिन्नरकर_जीन

पेट्रीडिश, प्रश्न झकास. यावर मत्स्यविज्ञानाचे तज्ज्ञसुद्धा गुण देऊ शकतील.

संशोधनाचा आराखडा वाचताना मात्र एकच कसोटी लावा: हे काम नाशिकच्या पदवी महाविद्यालयात, आठवड्याला १६ तास शिकवून होईल का? १६ हा नियमावलीतला प्रत्यक्ष अध्यापनाचा आकडा आहे. कॉन्फोकल आणि क्रायो-ईएम असे महागडे सूक्ष्मदर्शक लागणारे आराखडे बाजूला ठेवा, लिहिणारा कितीही हुशार असो.

होण्यासारखं काम म्हणजे यीस्टवरची प्रायोगिक उत्क्रांती. ५ मिली वायपीडी (यीस्टचं पोषक माध्यम), ३० अंश, रोज ५० मायक्रोलिटर नव्या नळीत. शंभरपट विरलन म्हणजे दिवसाला ६.६४ पिढ्या, हजार पिढ्यांना साधारण १५० दिवस. वाढ पूर्ण झाली की मिलीला सुमारे १० कोटी पेशी धरा, म्हणजे रोजच्या बदलीत ५० लाख पेशी पुढे जातात. एवढ्या संख्येत योगायोगाचा वाटा कमी आणि निवडीचा जास्त. उमेदवाराला हेच विचारा: ५० मायक्रोलिटरऐवजी अर्धा मायक्रोलिटर घेतलं तर काय बदलेल? (पिढ्या दिवसाला १३.३ होतात आणि अरुंद दारातून पेशी ५० हजारच जातात.)

फसतं कुठे? सहा नळ्या शेजारी ठेवून रोज पिपेट चालवलं की एका समूहाच्या पेशी दुसऱ्यात जातात, आणि "दोन्हीकडे सारखीच उत्क्रांती झाली" असा खोटा निष्कर्ष निघतो. म्हणून एकाआड एक नळीत वेगळ्या खुणेचा यीस्ट हवा आणि मधे कोऱ्या माध्यमाच्या नळ्या हव्यात. रिचर्ड लेन्स्कींच्या ई. कोलाय जिवाणूवरच्या प्रयोगात, जो २४ फेब्रुवारी १९८८ ला बारा समूहांवर सुरू झाला, अशीच खूण आहे: एका विशिष्ट प्लेटवर निम्म्या समूहांच्या वसाहती लाल दिसतात, निम्म्यांच्या पांढऱ्या.

तासिका_तत्त्व

दिवाळीची सुट्टी, परीक्षा, गॅदरिंग. दीडशे दिवस सलग नळ्या कोण बदलणार?

सिन्नरकर_जीन

सलग लागत नाहीत. २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला गोठवा, सुट्टीनंतर तिथून पुढे. लेन्स्कींचा प्रयोगही मार्च २०२० मध्ये असाच गोठवून थांबवला होता. पण मग उणे ८० चा फ्रीझर भरवशाचा हवा. जनरेटरच्या लाईनवर आहे का, स्टॅबिलायझर आहे का, तापमान चढलं तर रात्री कोणाच्या फोनवर अलार्म जातो? एप्रिल-मे मध्ये गच्चीखालच्या खोलीत ठेवलेला फ्रीझर कॉम्प्रेसर जाळतो. साठ्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

जीनोमचं वाचन (सिक्वेन्सिंग) बाहेरून करून घ्यायचं. यीस्टचा जीनोम साधारण १.२ कोटी जोड्यांचा, ५० पट वाचनाला क्लोनमागे (एका पेशीपासून वाढलेल्या वसाहतीमागे) ६० कोटी अक्षरं. वीस क्लोनचं काम एका छोट्या अनुदानात बसतं.

द्राक्षमणी

नाशिक म्हटल्यावर बरेच उमेदवार आराखड्यात "द्राक्षांवरून सॅकरोमायसिस वेगळा करू" असं लिहितील. तिथे बोट ठेवून विचारा. न फुटलेल्या मण्याच्या सालीवर सॅकरोमायसिस सेरेव्हिसी (पाव-वाइनचं नेहमीचं यीस्ट) क्वचित मिळतो, तिथे राज्य दुसऱ्या एका यीस्टचं, हान्सेनिअ‍ॅस्पोराचं. सॅकरोमायसिस हवा तर मणी चुरडून, क्लोरॅमफेनिकॉल (जिवाणू रोखणारं प्रतिजैविक) घातलेल्या माध्यमात थोडं अल्कोहोल ठेवून संख्या वाढवावी लागते. मग आयटीएस या ओळख पटवणाऱ्या डीएनए-तुकड्याचा पट्टा बघायचा: सॅकरोमायसिसचा साधारण ८५० जोड्यांचा, हान्सेनिअ‍ॅस्पोराचा ७५० च्या आसपास. हा फरक दोन टक्क्यांच्या जेलवर, शेजारी माहीत असलेला नमुना चालवला तरच दिसतो. आणि बागेचा फवारणीचा तक्ता मागितलाच पाहिजे. गंधक आणि बोर्डोच्या फवारणीनंतर गोळा केलेले नमुने निफाडच्या बागांची नाही, बुरशीनाशकाच्या वेळापत्रकाची माहिती देतात.

उलट, अंजनेरी-त्र्यंबकच्या पालापाचोळ्याच्या मातीतून डिक्टिओस्टेलिअमसारखे सामाजिक अमीबा शोधू असं कोणी म्हणालं तर मनापासून ऐका. स्वस्त काम, जिवाणू खाऊ घातले की वाढतात, एकपेशीय ते बहुपेशीय हा प्रवास विद्यार्थ्याला साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो.

पेट्रीडिश

परवानग्यांबद्दलही विचारा. जनुक घालायचं-काढायचं काम असेल तर महाविद्यालयात जैवसुरक्षा समिती नोंदवलेली हवी. परदेशी सहकाऱ्याला इथले नमुने पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. परदेशातून परतलेले उमेदवार "सँपल तिकडे पाठवू" हे फार सहज म्हणतात.

गोदाकाठ

सुधारलेला मसुदा टाकतो आहे.

"सहायक प्राध्यापक, प्राणिशास्त्र, एक पद. वेतनस्तर १०, प्रारंभिक वेतन रु. ५७,७००. आवश्यक अर्हता: यूजीसी नियमावली २०१८ व त्यातील दुरुस्त्यांनुसार, ग्राह्य पदव्युत्तर शाखा सोबतच्या यादीप्रमाणे. प्राधान्य: पेशी व रेण्वीय पातळीवरील उत्क्रांती या विषयातील अध्यापन, संशोधन किंवा तत्सम अनुभव, पदवी विद्यार्थ्यांसह सूक्ष्मजीव अथवा एकपेशीय सजीवांवर प्रायोगिक काम करण्याची क्षमता. अर्जासोबत संशोधन आराखडा (दोन पाने), अध्यापन आराखडा (एक पान), स्वतःच्या एका शोधनिबंधाची प्रत आणि एकत्रित अभ्यासक्रम असल्यास टक्केवारी रूपांतराचे पत्र जोडावे. निवडीत १५ मिनिटांचा नमुना तास व लेखी विदा-विश्लेषणाचा समावेश असेल."

बिंदू_शंभर

"किंवा तत्सम" काढा, त्या दोन शब्दांवर तीन तक्रारी येतील. पद कोणत्या बिंदूवर आहे ते छापा. राखीव असेल तर जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयरची ओळही घाला, बाहेरून परतणाऱ्यांकडे हे कागद बहुधा तयार नसतात. लेखी विश्लेषणाला किती गुण ते समितीच्या पहिल्या बैठकीत ठरवून इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्या, उमेदवार आत बोलवायच्या आधी. बाकी मसुदा मंजुरीला पाठवायला हरकत नाही.